मेट्रो संपते तिथून पुढचं गाव : वेसावे

बंदरावरचा (धागाकर्ता)

"वर्सोवा म्हणजे कॅफे, जिम आणि कास्टिंगची ऑफिसं," असं इथल्याच एका धाग्यावर वाचलं आणि हात शिवशिवले. लिहिणाऱ्याला दोष देत नाही. मेट्रोच्या ज्या स्टेशनावर वर्सोवा लिहिलंय तिथे उतरून तो फारतर सात बंगल्यापर्यंत आला असणार. वर्सोवा म्हणजेच आमचं वेसावे, आणि मूळ गाव त्याच्याही पुढे आहे, रिक्षावाला "आगे नहीं जायेगा" म्हणतो तिथून सुरू होणारं. मी त्या गावचा. कोळी घरातला, पण पोटापाण्यासाठी ऑफिसात बसणारा. चुलत्यांची बोट अजून चालते. चुकलं-माकलं तर गाववाल्यांनी खाली धोपटावं.

आधी भूगोल. अंधेरी स्टेशनवरून पश्चिमेला जयप्रकाश रोड धरला की चार बंगला, सात बंगला, मग वेसावे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला मालाडची खाडी, खाडीच्या तोंडाशी बंदर आणि पलीकडे मढ. गावातल्या मांडवी, बाजार, बुधा, डोंगरी, शिव वगैरे गल्ल्यांपैकी काही इतक्या अरुंद की समोरून डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली बाई आली तर आपण अंग चोरायचं. प्रत्येक गल्लीचं वेगळं मंडळ, वेगळी होळी आणि वेगळा तोरा. दोन वेसावकर परक्या लग्नात भेटले की पहिला प्रश्न 'कुठल्या गल्लीतला?' हाच.

वस्ती मुख्यतः सोनकोळ्यांची. कार्ल्याच्या एकवीरेला वर्षातून एकदा गेल्याशिवाय चैन पडत नाही. मुंबईत मासळी उतरवायची मोठी बंदरं म्हणजे सासून डॉक, भाऊचा धक्का आणि आमचं वेसावे. पहिल्या दोन ठिकाणी सगळीकडच्या बोटी लागतात. वेसाव्याला बोटवाल्याचं घर बंदरापासून हाकेच्या अंतरावर असतं, त्यामुळे बोट यायला उशीर झाला की आधी गल्लीला कळतं.

आमचं जुनं जाळं डोलीचं. डोल म्हणजे लांबलचक निमुळती पिशवी. तोंड मोठं, शेपटीकडे आस (जाळ्याची भोकं) बारीक होत जाणारे. समुद्राच्या तळात खुंट रोवून ती प्रवाहाच्या तोंडावर बांधायची. माशामागे धावायचं नाही. पाणी वाहतं, मासा पाण्याबरोबर येतो आणि पिशवीत शिरतो. पाणी थांबलं की ते उलटं फिरायच्या आत जाळं ओढून घ्यायचं. बोंबील, जवळा, मांदेली, करंदी, वाकटी हे डोलीचं धन. पापलेट-सुरमईचा हिशोब वेगळा, त्या बोटी बर्फ भरून लांब जातात आणि काही दिवसांनी परततात. ट्रॉलरही आहेत, त्यांच्याबद्दल गावात दोन तट आहेत आणि मी त्यात पडणार नाही.

डोल प्रवाहावर चालते म्हणून कॅलेंडर इंग्रजी असून उपयोग नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाण्याला ओढ, जाळ्याला काम. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी मंद. मग जाळी किनाऱ्यावर आणि राहिलेल्या दुरुस्त्या, बैठका, मच्छीमार सोसायटीतली भांडणं त्या दिवसांत. भरतीची वेळ काढायचा आजोबांचा हिशोब सोपा होता: तिथीला तिनाने गुणा, चाराने भागा. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. अमावस्या-पौर्णिमेला हिशोबाने सव्वाअकरा येतात, पण धरायचे बाराच्या सुमारास. मोबाईलवरच्या तक्त्यात थोडा फरक दिसेल, पण या हिशोबावर बंदरावर गेलात तर फुकट फेरी पडणार नाही.

आणि बोंबील वाळवणं. किनाऱ्यावर बांबू रोवून, आडव्या दोऱ्या बांधून वलांड्या करतात. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. चिमटा नको, सुतळी नको. पावसाळा संपला की हे सुरू होतं, आणि ऊन चांगलं असलं तर दोन-तीन दिवसांत माल उतरवता येतो. या कामाला गती लागते. मी लहानपणी बसायचो तेव्हा आईच्या चार जोड्या व्हायच्या, माझी एक, तीही वाऱ्याने खाली.

आता ज्यासाठी धागा काढला ते. वेसाव्याबद्दल बोलायला घेतलं की सगळे घरांवर येतात. गावठाण म्हणायचं की झोपडपट्टी, पुनर्विकास हवा की नको, किती मजले, किती चौरस फूट. माझं म्हणणं, घरांआधी मोकळ्या वाळूचा प्रश्न घ्या. वलांड्या उभारायला जागा, जाळं पसरून सांधायला जागा, पावसाळ्यात बोटी ओढून शाकारायला (झाकून ठेवायला) जागा, लिलावाला जागा. ही जागा कोणा एकाच्या नावावर नाही, म्हणून नकाशात ती 'रिकामी' दिसते. तिथे हळूच गाड्या उभ्या राहतात, मग भिंत येते, मग कोणीतरी सुशोभीकरणाचा फलक लावतं. तिकडे खाडीच्या तोंडाशी गाळ साचतोय, ओहोटीला बोटी रुततात. बाहेर वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचं काम चालू आहे आणि त्याच्या खांबांमधून बोटी कशा जाणार यावर बैठका झडताहेत. घरं उंच बांधून दिली आणि ही वाळू गेली, तर बाराव्या मजल्यावर राहणारा कोळी डोल कुठे पसरणार?

जाणकारांनी भर घालावी.

---

पुणेरी खवय्या

वाचतोय. बोंबलाच्या जोडीची गंमत माहीतच नव्हती. दुकानात सुके बोंबील असे एकमेकांना चावल्यासारखे का दिसतात हे कोडं आज सुटलं.

---

जुना अंधेरीकर

उत्तम धागा. थोडी जुनी माहिती देतो.

सात बंगला हे नाव खरोखरच्या बंगल्यांवरून पडलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे संस्थानिक आणि मुंबईतले धनिक हवापालटासाठी इथे बंगले बांधत. दादाभाई नौरोजी १९०७ नंतर विलायतेचं राजकारण आटोपून परतले ते वर्सोव्याला राहिले, आणि जून १९१७ मध्ये वारले. तेव्हा अंधेरीहून इथे यायचं म्हणजे मिठागरं, खाजण आणि ताडांमधून. माझ्या वडिलांच्या तरुणपणीसुद्धा संध्याकाळनंतर टांगेवाला कुरकुर करायचा.

सात बंगल्याच्या आराम नगरमधल्या बैठ्या बराकी दुसऱ्या महायुद्धातल्या, लष्करासाठी बांधलेल्या. आज त्यांतच ऑडिशनच्या रांगा लागतात. म्हणजे ज्याने कास्टिंगवाल्यांबद्दल लिहिलं तोही अगदी हवेत बोलला नव्हता.

आणि 'अंधेरीचा राजा' राहिला की! आझाद नगरचा गणपती, १९६६ पासूनचा. सगळी मुंबई अनंत चतुर्दशीला मोकळी होते, या राजाचं विसर्जन मात्र संकष्टीला, वेसाव्याच्या किनाऱ्यावर. मिरवणूक रात्रभर चालते. रस्त्याने आणतात अंधेरीकर, पण पाण्यात नेतात वेसाव्याचे कोळी. एवढी मोठी मूर्ती लाटांवर तोल न जाता आत न्यायची तर ते काम दुसऱ्या कोणाला जमणारही नाही.

---

यारीरोडकर

राग मानू नका, पण दुसरी बाजूही येऊ द्या. मी यारी रोडला राहतो. बोंबील वाळत असताना वारा आमच्याकडे फिरला की खिडक्या बंद कराव्या लागतात. फ्लॅट घेताना 'सी व्ह्यू' म्हणून पैसे मोजले होते, वास कोणी सांगितला नव्हता. संध्याकाळी बंदराकडच्या रस्त्यावर टेम्पो, बर्फाच्या गाड्या, दुचाक्या असा चक्का जाम असतो की रुग्णवाहिका अडकावी. तुम्ही म्हणता ती मोकळी वाळू सार्वजनिक आहे ना? मग आमची मुलं खेळली तर काय बिघडलं?

किनाऱ्यावरच्या कचऱ्याचंही बोला. ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह यांनी सफाई सुरू केली तेव्हा आमच्या इमारतींतले पुष्कळ लोक रविवारी जायचे. कमरेएवढं प्लास्टिक होतं. २०१६ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' मिळाला, आणि मार्च २०१८ मध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात गेली, कित्येक वर्षांनी. हे फक्त गावाने केलं असं कोणी म्हणू नये.

---

बंदरावरचा

यारीरोडकर, कोणी म्हणत नाही. सफाईला गावातलीही माणसं होती, तुमचीही होती, आणि कासवांच्या पिल्लांचं कौतुक आम्हालाही तेवढंच. मुलं खेळू देत, खेळतातच. फक्त वाळलेल्या जाळ्यावरून सायकल नको.

वासाचं म्हणाल तर बोंबील तुमच्या इमारतीआधीपासून वाळतोय. हे भांडण म्हणून लिहीत नाही. बिल्डरने माहितीपत्रकात लिहायला हवं होतं, एवढंच. आणि कचरा डोलीत कसा येतो ते खाली कोणीतरी लिहीलच, तेव्हा कळेल की या प्लास्टिकचे पैसे आम्ही वेगळे मोजतो.

---

मत्स्यविद्यार्थी

मीच लिहितो. वेसाव्यातच केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, १९६१ सालची. यारी रोडकडचे बरेच लोक रोज तिच्या फाटकावरून जातात आणि त्यांना ते आत झाडं असलेलं कुठलंतरी सरकारी आवार वाटतं. मी तिथे शिकलो, डोलीवर थोडं काम केलं.

डोल प्रवाहाला तोंड करून उभी असते, त्यामुळे जे वाहतं ते सगळं तिच्यात. मालाडच्या खाडीतून, नाल्यांतून येणाऱ्या पिशव्या, पाऊच, दोऱ्या थेट जाळ्यात. मोठ्या पावसानंतर तर मासळी निवडायची म्हणजे आधी प्लास्टिक उपसायचं. त्या वेळेचे पैसे मिळत नाहीत आणि जाळं फाटतं ते वेगळंच.

बंदीबद्दल लोकांचा गोंधळ असतो म्हणून सांगतो. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी, ६१ दिवस. आधी महाराष्ट्रात १० जून ते १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, जे आधी येईल तोवर असायची. जुने लोक आजही म्हणतात, नारळ दिल्याशिवाय बोट पाण्यात घालू नये. पण तारखा पाहा: २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. सरकारी बंदी उठून महिना होत आला होता. एवढे दिवस बोट बांधून ठेवणं कर्ज असलेल्या माणसाला परवडत नाही, आणि शेजारच्याची बोट गेली की आपलीही जाते.

लहान पिल्लं पकडण्याचा प्रश्नही मोठा आहे. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला आणि त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. कागदावर चांगलंय. पण डोलीचा शेपटीकडचा आस बारीकच असतो, कारण जवळा बारीक असतो. जवळा धरायचा आणि पापलेटचं पिल्लू सोडायचं हे एकाच पिशवीला कसं सांगणार? डोलवाल्यांना नुसता दंड लावून हे सुटेल असं मला वाटत नाही. हंगाम, खोली आणि जागा पाहून बोलावं लागेल.

---

मढवाली

खाडीपलीकडून नमस्कार.

वेसावे आणि मढ यांच्यामध्ये पाण्याचा एवढासा पट्टा आहे. होडीने पाचेक मिनिटं, दुचाकीसकट. रस्त्याने जायचं तर मार्वे, मालाड, लिंक रोड करत येरझारा. आमची मुलं कॉलेजला होडीने जातात. रात्री उशिरा प्रसूतीची बाई न्यायची तर काय होतं ते इकडे राहिल्याशिवाय कळणार नाही. त्यामुळे मढ-वर्सोवा पुलाच्या बातम्या आल्या की आम्ही खूश आणि तुमच्याकडचे कोळी नाराज, असं चित्र रंगवतात. तसं नाहीये. आमच्यातही होडीवर पोट असणारे आहेत, आणि पूल झाल्यावर इकडच्या जमिनींचं काय होणार ही धास्ती तर प्रत्येक घरात.

बाकी, ज्याला लोक वर्सोव्याचा किल्ला म्हणतात तो आमच्याकडे आहे बरं का, मढला. पोर्तुगीजांचा, १७३९ मध्ये वसईच्या मोहिमेच्या वेळी मराठ्यांनी घेतलेला. आता हवाई दलाच्या ताब्यात आहे, परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. सिनेमावाल्यांना मात्र मिळते परवानगी. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी मढजवळच्या एरंगळच्या चर्चची जत्रा असते, तिला वेसाव्याचे हिंदू कोळीसुद्धा होड्या भरून येतात. नवस बोलतात, मेणबत्त्या लावतात आणि परत जाताना आमच्याकडून ताडी नेतात. :)

---

बुधा गल्लीचा

होळीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणजे काय! आदल्या रात्री मिरवणूक, एकेका गल्लीतल्या बायका एकाच रंगाच्या साडीत, बोटींचीही पूजा. गणपतीला मुंबई, पण होळीला वेसावे.

(मांडवी गल्लीवाल्यांनी इथे येऊन वाद घालू नये. कोणाची मिरवणूक मोठी ते सगळ्यांना माहीत आहे.)

---

सून_बाजारगल्ली

बंदरावरचा दादा, छान लिहिलंय. पण बोट बंदराला लागली की तुझं लिखाण थांबलं. खरं काम तिथून पुढे असतं.

म्हावरं उतरलं की ते बाईचं. लिलावात कोण बोली लावते? बाई. उधारी कोणाला द्यायची, कोणाकडून वसूल करायची, कुठला माल ओला विकायचा, कुठला वाळत घालायचा, हे सगळं बाई ठरवते. आणि आमच्या बंदराचा माल पुरत नाही किंवा गिऱ्हाइकाला हवा तो नसतो, तेव्हा आम्ही चार-पाच जणी मिळून टेम्पो करतो आणि पहाटे सासून डॉक नाहीतर भाऊचा धक्का गाठतो. सासूबाई साठीच्या पुढे आहेत, अजून अंधारात हाक मारतात, "उठ गो, टेम्पो आयला." सहाला परत, आठला बाजारात बसायचं, दुपारी दोनला उठायचं, मग घर.

बाजारात बसायला ओटा असतो, त्याचा परवाना असतो. ओटा सासूच्या नावावर असेल तर सुनेच्या नावावर करायला किती खेटे पडतात ते विचारू नका. बाजाराची इमारत पाडून नवी बांधायची ठरली की आम्हाला 'तात्पुरतं' कुठेतरी बसवतात. तात्पुरतं म्हणजे गिऱ्हाईक तुटेपर्यंत. आता मोबाईलवरून सोललेली कोळंबी घरपोच मिळते. टॉवरमधल्या ज्या मॅडम वर्षानुवर्षं माझ्याकडून घ्यायच्या त्या आता फक्त चिंबोऱ्या घ्यायला येतात, कारण चिंबोरी जिवंत आहे की नाही हे डब्याच्या फोटोत दिसत नाही. लिलावात मोठा व्यापारी उतरला की भाव आमच्या हातात राहत नाही. तो नाखवाला (बोटीच्या मालकाला) डिझेल-बर्फाला आधीच उचल देतो, मग माल त्यालाच. त्याच्याशी पाटीवाली कशी लढणार?

आणि एक प्रश्न तुलाच. माझी मुलगी सीए करतेय. ती पाटी घेणार नाही, आणि खरं सांगायचं तर मी तिला घेऊ देणार नाही. आमच्या गल्लीत घरोघरी हेच आहे. तुझी वाळू वाचवली समज. वलांडीवर बोंबील टाकणार कोण?

---

जुना अंधेरीकर

हा प्रतिसाद मूळ लेखात वर चिकटवा.

---

यारीरोडकर

ताई, मी तुमच्याच बाजारातून घेतो बहुतेक. डब्यातलं एकदाच घेतलं, दुसऱ्यांदा नाही.

---

बंदरावरचा

वहिनी, प्रश्न रास्त आहे. मुली जाणार हे मी धरूनच चाललोय, मुलगे तर केव्हाच गेले. मी स्वतः गेलोय. पण बोटीवरचं बघ. आज किती वेसावकर खलाशी म्हणून जातात? बोटींवर पालघरकडचे आहेत, उत्तर प्रदेशातले आहेत. तांडेल, म्हणजे बोटीवरचा म्होरक्या, आपला असतो, कधी तोही नसतो. तरी धंदा चालू आहे, कारण बंदर आहे. वाळवण्याचंही तसंच होतंय, रोजावर बायका येतात. हात भाड्याने मिळतात, वाळू मिळत नाही. एकदा ती गेली की तुझ्या मुलीलाच काय, तिच्या मुलीला वाटलं तरी परत येता येणार नाही.

व्यापाऱ्याच्या उचलीबद्दल तू लिहिलंस त्यावर खरं तर वेगळा धागा हवा. डिझेलचा परतावा सोसायटीमार्फत वेळेवर मिळाला तर उचल कमी घ्यावी लागेल, असं काका म्हणतात. वेळेवर या शब्दावर ते हसतातही.

---

वसईचा नातेवाईक

आमची आत्या वेसाव्याला दिलेली. लग्नात धवलारीण आणली होती, रात्रभर धवले (लग्नाची पारंपरिक गाणी) गात होती. आता हळदीला डीजे. आत्याच्या नातवाच्या हळदीत मी विचारलं धवलारीण कुठे, तर म्हणाले, मोबाईलवर लावतो. लावलंही. दोन मिनिटं.

अवांतराबद्दल क्षमस्व.

---

कायद्याचं बोला

बंदरावरचा, तुमच्या मुद्द्याला कागदाचा आधार आहे आणि तो फार कमी लोकांनी वाचलाय, म्हणून लिहितो.

२०११ च्या किनारा नियमन क्षेत्र (सीआरझेड) अधिसूचनेत बृहन्मुंबईसाठी वेगळी कलमं होती. त्यात म्हटलं होतं की १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा राज्य सरकारच्या नोंदींत असलेले कोळीवाडे नकाशावर आखून सीआरझेड-३ (तुलनेने कमी बांधकामाचा किनारा) म्हणून जाहीर करावेत. पुढे सीमांकनावरून जी वर्षानुवर्षं ओढाताण चालली त्यात सगळं लक्ष घरं कुठपर्यंत आहेत याच्यावर राहिलं. पण त्याच अधिसूचनेत स्थानिक पातळीवरच्या नकाशांत काय-काय दाखवायचं तेही दिलं होतं: मच्छीमार गावं, मच्छीमार समाजाच्या सामाईक जागा, जेट्टी, बर्फाचे कारखाने, मासळी वाळवायच्या जागा. तुमच्या वलांड्यांची जागा बरोबर यात बसते.

आता २०१९ ची अधिसूचना आली आहे, तेव्हा आजचे नकाशे तिच्याप्रमाणे तपासा. पण बाजू मांडायची तर 'आमची वहिवाट आहे' एवढं तोंडी सांगून भागत नाही. कुठली जागा, किती लांब-रुंद, कोणत्या महिन्यात कशासाठी वापरतात, हे लिहून, फोटो लावून, नकाशावर खुणा करून सोसायटीच्या लेटरहेडवर द्यावं लागतं. हरकतींची मुदत असते तेव्हा मोर्चे निघतात आणि कागद मात्र कोणी देत नाही, असं मी दोन-तीन गावांत पाहिलंय.

---

पुणेरी खवय्या

चर्चा गंभीर वळणावर आहे, तरी विचारतो. डिसेंबरात सहकुटुंब येतोय. बंदरावर थेट मासळी घेता येते का? फोटो काढले तर कोणी ओरडेल का? आणि जानेवारीत तुमच्या गावात सी फूड महोत्सव भरतो म्हणे, तो गाठावा की त्यात नुसतीच गर्दी?

---

सून_बाजारगल्ली

पुणेरी भाऊ, लिलावात किरकोळ मिळत नाही, टोपल्याच्या हिशोबाने जातं. मधे उभं राहू नका, पाय घसरेल आणि शिव्याही पडतील. लिलाव झाला की बाहेर बायका बसतात, त्यांच्याकडून घ्या. भाव करा पण अर्ध्यावर आणू नका. फोटो विचारून काढा. कॅमेरा तोंडासमोर धरून "नॅचरल राहा" म्हणणारे रोज येतात, त्यांना आम्ही भाव दुप्पट सांगतो.

महोत्सवाला यायचं तर संध्याकाळी लवकर या, रात्री बसायला जागा नसते. तिथले स्टॉल गावातल्या बायकांचेच असतात. पापलेटच्या मागे लागू नका, ते पुण्यातही मिळतं. ओले बोंबील खा, पाणी काढून, दाबून, तांदळाच्या पिठात तळलेले. नाहीतर कालवण: लसूण, चिंच, आमचा मसाला, खोबरं अजिबात नाही. सोबत तांदळाची भाकरी. निवटी कोणाकडे दिसली तर सोडू नका. खाडीच्या चिखलातला मासा, पूर्वी पाटीभर मिळायचा. आता खाडीत नाल्याचं पाणी इतकं येतं की जो आणतो त्याला आधी विचारावं लागतं, कुठून धरली.

---

बंदरावरचा

कायद्याचं बोला, हे मोलाचं सांगितलंत. सोसायटीत कोणाशी बोलायचं ते मी बघतो. मोजणी आपण स्वतःच सुरू करू शकतो ना? येत्या पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास भरती असेल. उधाणाचं पाणी कुठवर येतं त्याची खूण करायची आणि तिथून वरची वापरातली जागा मोजायची. नंतर पावसाळ्यात बोटी कुठे शाकारतात ते वेगळं. यारीरोडकर, तुमच्या गच्चीवरून सगळा किनारा दिसत असेल तर वरून फोटो काढून द्याल का?

---

यारीरोडकर

देतो. आमच्या इमारतीच्या सेक्रेटरीला विचारावं लागेल, तो मासे खात नाही, पण बघतो.

---

कायद्याचं बोला

फोटोवर तारीख आणि वेळ येऊ द्या. आणि बोंबील वाळत असतानाचे हवेत, रिकाम्या वलांड्यांचे नकोत. शक्य असेल तर जुने फोटोही शोधा, लग्नाच्या अल्बममध्ये मागे किनारा दिसतो तसले. तेही चालतात.

---

सून_बाजारगल्ली

कोणाची वलांडी कुठून कुठपर्यंत हे पुरुषांना सांगता येणार नाही. तुम्ही मोजाल आणि निम्म्या चुकीच्या नावांवर लिहाल. आमच्या गल्लीतल्या दोघी-तिघी येतील, सासूबाईंनाही आणते, त्यांना जुन्या खुणा पाठ आहेत. पण बाराला जमणार नाही, आम्ही दोनला बाजारातून उठतो.

---

बंदरावरचा

मग असं करू. बाराला पाण्याची खूण आम्ही करून ठेवतो, मोजणी अडीचला. टेप आणि वही मी आणतो.

---

मढवाली

अडीचला मीही येते, होडी चालू असते. आमच्याकडच्या किनाऱ्याचं पण करायचंय, कसं करता ते बघून घेते.